फुगवलेलं फाटक

“फाटक मधे फुगलंय, पोरी,” दोरी ताणून पाहत दस्तगीरचाचा म्हणाले. बाबांचे ते जुने सोबती. बाबा गेल्यावर त्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मी घेतलेलं हे पहिलंच काम. ते बिघडलं, तर काका शेड विकणार होते.

“खाली पट्टी सारून मुद्दाम फुगवलंय, चाचा. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढलं जाईल आणि फाटक सपाट होईल.”

“तुझा बाप असले लाड करत नव्हता. वाकलं की घण उचलायचा.”

“आणि रात्री खांदा मला चोळायला लावायचे.”

चाचा हसले. मी आधी सगळ्या गजांना जागेवर धरण्यापुरते वेल्डिंगचे लहान टाके मारून घेतले. मग एक जोड या टोकाचा, पुढचा त्या टोकाचा, असं वेल्डिंग करत गेले, म्हणजे उष्णता एकीकडे साचली नाही. लोखंड गार झाल्यावर पट्टी काढली. पुन्हा ताणलेली दोरी सगळीकडे टेकली.

“घण लागलाच नाही की गं!” म्हणत चाचांनी तिथूनच काकांना फोन लावला.

ही युक्ती पाहून बाबा आधी माझ्याशी भांडले असते. दुसऱ्या दिवशी बाजारभर ती स्वतःचीच म्हणून सांगत सुटले असते, आणि मी सांगू दिली असती.