ओळीवर बोट

"हात मी सोडला. लिहा साहेब, तसंच लिहा," आजी म्हणाल्या.

हेडक्लार्कांनी टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं नाही. "कुणी सोडला ते नंतर. आधी जागा, वय, कपडे."

"बोटीचा धक्का. ही गर्दी! मी दहाची, तो चारचा. अंगात निळा सदरा, आईने शिवलेला. मला रिबिनी बघायच्या होत्या हो, फेरीवाल्याकडच्या. दोन्ही हातांनी बघायच्या होत्या." आजींनी पदराने नाक पुसलं. "बासष्ट वर्षं झाली. आई मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. डोळे पुरते जायच्या आत एवढंच कळू दे, पोर कुणाच्या हाती लागलं की पाण्यात गेलं."

शेजारी बसलेली लेक खाली बघत राहिली. तिने हे जन्मभर ऐकलं होतं.

दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून हे मंडळ बसे. आपापल्या घराण्याची मुळं शोधणारी सात-आठ माणसं. कुणाला पणजोबांचं गाव हवं, कुणाला आजीचं माहेर. एकमेकांना मदत करायची, आणि हेडक्लार्कांचा एक नियम पाळायचा. मूळ नोंदीच्या ओळीवर शोधणाऱ्याने स्वतःचं बोट ठेवल्याशिवाय फाईल मिटायची नाही. नक्कल चालायची नाही, कुणाचं सांगणं तर नाहीच नाही.

हेडक्लार्कांची चाळीस वर्षं जन्ममृत्यूच्या कचेरीत गेली होती. तोंडाचे फटकळ, पण शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मंडळातल्या म्हाताऱ्या पोस्टमननी एकदा आपल्या खापरपणजोबांना नुसत्या अंदाजाने जहाजाचे कप्तान करून टाकलं होतं. हेडक्लार्कांनी तो कागद सगळ्यांदेखत टराटरा फाडला.

"अंदाज घरी करायचे. इथे कागद बोलतो."

तेव्हापासून पोस्टमननी कानाला खडा लावला होता.

शहरातल्या बंद पडलेल्या अनाथालयाची रजिस्टरं वाचनालयाच्या माळ्यावर येऊन पडली होती. त्यांची यादी हेडक्लार्कच करत, किल्लीही त्यांच्याकडेच. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या ते घरी कालवलेल्या शाईने, टाकाने लिहीत. बॉलपेनचा त्यांना भारी राग. त्याहून जास्त राग अनाथालयाच्या जुन्या कारकुनाचा.

"एकेका पोराला चार शब्द, त्याउपर एक नाही. वर प्रत्येक पानाची शेवटची ओळ कोरी! आळशी लेकाचा. कागद काय त्याच्या बापाचा होता?"

चार महिने शोध चालला. पोस्टमननी बोटींच्या उतारूंच्या याद्या पालथ्या घातल्या, कुणी जुनी वर्तमानपत्रं चाळली. आजी दर शनिवारी यायच्या, हात मांडीवर ठेवून बसायच्या. प्रत्येक कागद उलटला की विचारायच्या, "काही लागलं?"

एकदा त्या यायच्या आधी पोस्टमन म्हणाले, "धक्क्याजवळच्या दवाखान्याचं रजिस्टर राहिलंय."

"बघितलं मी."

"मग?"

"आपल्या कामाचं काही नाही."

त्या दिवशी हेडक्लार्क कधी नव्हे ते चहा न घेता उठले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लेकीला निरोप धाडला. सापडलं, शनिवारी चार वाजता या.

आजी लेकीला घेऊन अकरालाच हजर झाल्या. वाटेत भेटलेल्या पोस्टमननी त्यांना जिना चढायला हात दिला. माळ्याचं दार वाजवलं तर हेडक्लार्क अर्धवट उघडून उभे.

"आत्ता? चारला सांगितलं होतं ना?"

"चारपर्यंत जीव राहायचा नाही हो."

"थांबा मग. दहा मिनिटं."

"बासष्ट वर्षं थांबले, दहा मिनिटांचं काय घेऊन बसलात!"

दार उघडलं तेव्हा आत खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा भरधाव फिरत होता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, पानाच्या कडांवर पितळी वजनं. हेडक्लार्कांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"'धक्क्यावर सापडलेला मुलगा, वय चार. निळा सदरा. ताईने हात सोडला नाही, मीच हिसडा देऊन पळालो, असे सांगतो. प्रकृती उत्तम. बोटीवरील एका निपुत्रिक जोडप्याने मायेने नेला.'"

"एवढं सविस्तर?" पोस्टमन म्हणाले.

"पूर्वीचे कारकून मन लावून लिहायचे," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी असं काही बघितलं की पोस्टमननी पुढचा प्रश्न गिळला.

आजींच्या डोळ्यांना धार लागली होती. "पुन्हा वाचा. ते हिसड्याचं."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. आजी खुर्चीत मागे टेकल्या. लेकीने आईला इतकं सैल बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आता बोट ठेवू द्या," आजी म्हणाल्या.

"राहू द्या आज. कागद फार जुना आहे."

"वा! नियम तुमचाच, आणि मलाच सूट? दाखव गं कुठे ते."

लेकीने डोळे पुसत आईचं बोट पानाच्या तळाशी नेलं.

"हलकेच हं," हेडक्लार्क म्हणाले. "टेकवल्यासारखं करा नुसतं."

आजींनी बोट घट्ट दाबलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी घाईने रजिस्टर मिटलं.

"झालं. फाईल मिटली."

"येते हं, भाऊ," आजी म्हणाल्या. आजवर त्या त्यांना साहेब म्हणत आल्या होत्या.

खाली रस्त्यावर वाहनांची रीघ लागली होती. पलीकडे जायला लेकीने आईचा हात धरला आणि लगेच उलटा करून बघितला.

"आई, बोटाला शाई कसली गं? ओली आहे. बघ, माझ्याही हाताला लागली."

आजी जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी हळूच मूठ मिटली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुसू नकोस."