पिवळी गोळी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री कोणत्या गोळीने चांगली झोप लागते, पांढरीने की पिवळीने, याचा मी अभ्यास करत होते. सकाळी फॉर्म घेऊन सात नंबरच्या बाईंकडे गेले. त्यांना पिवळी दिली होती. तासाभरात त्यांना ऑपरेशनला न्यायचं होतं.

"झोप कधी लागली?"

"दहा मिनिटांत! हातातला कप काढून ठेवावा लागला."

"मध्ये जाग आली?"

"छे हो! दोनदा लाइट लागला, तरी हूं नाही की चूं नाही. मेलं घोरणं तेवढं चालू होतं."

साठ पेशंटांत इतकं छान उत्तर कोणी दिलं नव्हतं. मी खुशीत लिहीत सुटले आणि घोरण्यापाशी पेन अडलं.

"स्वतःचं घोरणं तुम्हाला कसं ऐकू आलं?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांचा नवरा मान टाकून अजूनही गाढ झोपला होता.

"गोळी त्यांच्या चहात घातली," त्या हळूच म्हणाल्या. "रिपोर्ट आल्यापासून माझी नजर चुकवतायत. मी बघितलं, की उठून बाहेर जातात. आत जायच्या आधी एकदा मन भरून बघून घ्यायचं होतं."