गोठ्यापुढचं गवत

नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात मांडलेल्या येशूबाळाच्या गोठ्यापुढचं हिरवं शेत उजाड झालेलं आल्विनला दिसलं. आईने करवंटीत पेरलेले ते गव्हाचे कोंब वसईहून पुण्यापर्यंत मांडीवर सांभाळत आणले होते. त्याची दोन वर्षांची इव्हा शेवटची काडी मातीच्या गाईच्या तोंडाशी धरून बसली होती.

“गाई मम्मं,” लेक म्हणाली. तो रागवणार, तेवढ्यात त्याचे बाबा हसले. “तूही दरवर्षी हेच करायचास.”

“पण आपलं गवत सकाळी पुन्हा उगवायचं,” आल्विन म्हणाला. येशूबाळ पेरून जातो, हे त्याला लहानपणी अगदी खरं वाटायचं.

आईने बाबांकडे पाहिलं. मग पिशवीतून दुसरी हिरवीगार करवंटी काढून तिने त्याच्या हातात दिली.

“इव्हा झोपली की ठेव.”