आणखी कोण चालवतं?

डावा आरसा शाबूत.

मागच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही.

वय तेवीस, उंच.

मुदत उलटून आठ दिवस.

यातलं काही विमा कंपनीची तपासनीस मुलगी मोबाइलमध्ये बोलत होती, काही शिंपी तिच्यामागून फिरत सांगत होता. विम्याची मुदत उलटली की गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कंपनी नवा विमा देत नाही. म्हणून ती आली होती. शिंप्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मुदत कशी चुकली, काका? दरवर्षी तर आधीच भरता."

"हप्त्याच्या मेसेजमध्ये एकच नाव आलं, माझं. म्हटलं, चूक कळली की दुसरं नाव घालून पाठवतील, मग भरू."

"आपणहून कोण पाठवतंय."

"ते आता कळलं."

तिने चारही चाकांपाशी वाकून फोटो काढले. "रात्री गाडी कुठे असते?"

"इथंच. दिवसाही इथंच."

ती हसली. "रस्त्यापलीकडे राहत असतात ना, तर महागात पडलं असतं. तिकडे बाजार, शाळा, रोजची ठोकाठोकी. गाडी तीच, माणूस तोच, पण हप्ता वेगळा. ही गल्ली आमच्या दृष्टीने सोनं आहे. त्यात तुमचं वय, फिरणं नाही, इतक्या वर्षांत साधा ओरखडा नाही. कंपनीला तुमच्यासारखी माणसं फार आवडतात."

"का बरं?"

"तुमचं कधी काही होतच नाही ना."

शिंपीही हसला, पण जरा उशिरा.

मीटरचा फोटो घ्यायला ती आत बसली. तिचे पाय हवेतच राहिले.

"काका, ही सीट पार मागे गेलीय. तुमचे तरी पाय पोचतात का?"

"पाठीला उशा घेतो. दोन."

"सीटच पुढे घ्या की. खाली दांडा असतो."

"माहितेय. मुलाचे पाय लांब आहेत. पँट चव्वेचाळीस इंच लांबीची लागते त्याला. टेपने मापून ठेवलीय सीट. बसला की बरोबर यायला हवी."

तिने मोबाइलवर काहीतरी वर-खाली केलं. "म्हणजे हाच तो दुसरा चालक. अहो, त्याच्यामुळेच एवढा हप्ता बसतोय तुम्हाला. तेविशीचा मुलगा म्हटला की आकडा चढतो, मग तो कितीही गुणाचा असो. नाव काढलं तर निम्म्यावर येईल. काढू?"

"नको."

"तो चालवतो का गाडी?"

"आला की चालवेल."

ती गाडीतून उतरली, दार हळू लावलं. "मग आला की मला फोन करा. नाव घालायला पाच मिनिटं लागतात."

"तुम्ही ओळखत नाही त्याला. पाच मिनिटं थांबायचा नाही तो."

समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली एक चादर फडफडली. बाकी गल्लीत काही हललं नाही.

"काका, पुढचा प्रश्न मला विचारावाच लागतो," ती म्हणाली, "आणि उत्तर तुमच्या आवाजात लागतं. मुलगा याच पत्त्यावर राहतो का? आधीच सांगते, खोटं निघालं तर उद्या गाडीला काही झाल्यावर कंपनी हात वर करेल. मुलगा चालवत असो नाहीतर तुम्ही."

"तुम्हीच म्हणालात, माझं काही होत नाही."

तिची नजर दाराकडे गेली. "बाहेर एकच जोड दिसतोय चपलांचा."

"बाहेर गेलाय तो. चपला घालूनच जाणार ना."

"कधी येणार?"

"सांगून नाही गेला."

"फोन लावून बघा."

"नंबर बदललाय त्याने."

तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला. शिंप्याने गळ्याचं बटण लावलं, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि मोबाइलकडे बघत म्हणाला, "मुलगा इथंच राहतो."

"झालं."

"पुन्हा म्हणू का? आवाज जरा बसला होता."

"नको, नीट आलंय." तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"मुलगा इथंच राहतो," शिंपी म्हणाला.

ती पर्सची चेन लावता लावता थांबली. मग लावली.

"चहा टाकतो."

"अजून दोन गाड्या बघायच्यात, काका."

"डिकीतलं जादा चाक नाही पाहिलंत."

"ते लागत नाही."

"हवा भरलेली आहे त्यात."

"तुमची असणारच," ती म्हणाली आणि स्कूटरला किक मारली. कोपऱ्यावर वळताना तिने हॉर्न वाजवला. वाजवण्यासारखं तिथं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मेसेज आला. दोन नावं होती. शिंप्याने आकडा न वाचता हप्ता भरला.

मुलगा खरोखर या घरात राहत होता तेव्हा विम्यात त्याचं नाव नव्हतं. तो किल्ली मागायचा आणि शिंपी म्हणायचा, तुझं नाव घातलं की हप्ता दुप्पट होतो.