दुकानाला लागून शेड

अण्णांचं नाक असं, की बंद बाटली हुंगून आत कुठलं अत्तर आहे ते सांगायचे. त्या नाकावरच त्यांच्या दाजींचं अत्तराचं दुकान भरभराटीला आलं. मग साथीच्या तापात अण्णांना वास येणं जे बंद झालं, ते दोन वर्षं झाली तरी बंदच. दाजींनी भर गिऱ्हाइकांत सुनावलं, "मेव्हणे, नुसतं शोभेला किती दिवस ठेवू हे नाक? निघा आता."

अण्णा गुमान निघाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुकानाला लागून असलेली शेड घेतली आणि कोंबडीखताचा धंदा टाकला. ते पोत्यांवर बसून निवांत चहा प्यायचे, आणि अत्तराची गिऱ्हाइकं दारातूनच पळ काढायची.

शेवटी दाजी आले, एका हाताने नाक दाबून, उरलेल्या हाताने नमस्कार करत.

"बसा दाजी," अण्णांनी पोतं झटकून जागा केली. "वास म्हणता? मला तर काही येत नाही बुवा."

दुकान बसलं. दाजींचं घर मात्र त्याच्याच माळ्यावर, ते कुठे हलवणार?

 

हल्ली गावात कुणी तापाने फणफणलं, की दाजी धावत जाऊन त्याला खेटून बसतात.