मॉडेलमधलं तिसरं माणूस

"घर छोटं, समुद्र मोठा. बस्स, काका!" बायकोसोबत आलेला तरुण नवरा आर्किटेक्टला म्हणाला होता.

आर्किटेक्टने त्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. जेवणाच्या टेबलापाशी सवयीने तीन चिमुकली माणसं चिकटवली. आई, बाबा, पोर.

बायको त्या पोराकडे एकटक बघत राहिली. नवरा हळूच म्हणाला, "आमचा मुलगा गेल्या वर्षी याच समुद्रात गेला, काका."

आर्किटेक्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी एका शब्दाने विचारलं असतं तर! त्याने घाईने पोर उपटलं.

"राहू द्या ना," ती म्हणाली. त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

सकाळी टेबलापाशी नुसते डिंकाचे डाग होते. आई-बाबा पुठ्ठ्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून उभे होते.

पोर परत द्यावं म्हणून त्याने ड्रॉवर उघडला.

आत पोराच्या जागी चमचाभर ओली वाळू होती.