भांबावलो म्हण

"चौकशीत सरळ 'भांबावलो' म्हण," असे साहेबांनी क्रेनचालकाला आधीच पढवून ठेवले होते. "फार सोयीचा शब्द आहे. भांबावलेल्या माणसावर कुणी डोळे वटारत नाही, आणि माझंही नाव निघत नाही." त्याने तसेच सांगितले, आणि त्याची नोकरी वाचली.

संध्याकाळी तो इस्पितळात गेला. लोखंडी तुळईखाली पाय गमावलेले त्याचे दाजी औषधाच्या गुंगीत होते. ताई उशाशी बसली होती.

"भांबावलास म्हणजे नेमकं काय झालं रे तुला?" तिने विचारले.

"साहेब हाताने 'खाली घे, खाली घे' करत होते, ताई. दाजींनी 'थांब' म्हणून हात वर केलाही असेल. आणि 'थांब' कुणीही म्हटलं तरी क्रेन थांबवायची, हा तर आमचा पहिला नियम. पण माझ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली. दाजी मला दिसलेच नाहीत."

ताईने चादर सारखी केली.

"सकाळी हे शुद्धीवर होते. म्हणाले, यांनी हात वर केला तेव्हा तू वरून यांच्याकडे नीट बघितलंस, डोळ्यांनी साहेबांकडे खूण केलीस आणि नाइलाज असल्यासारखी मान हलवलीस." तिचा आवाज जराही चढला नाही. "आपला सख्खा मेहुणा असं कसं करेल, हे यांना उमजेना, म्हणून हे जागचे हललेच नाहीत. भांबावले ते हे."